जुनी आयडीई हार्ड डिस्क फिरते, पण बायोसमध्ये ‘नन’ दिसते. मेली म्हणायची का?

खिळेजुळारी (म्हापसा)

नमस्कार मंडळी. वय ६४. चौदा वर्षं छापखान्यात खिळे (शिशाची सुटी अक्षरं) जुळवले आणि १९९६ पासून दुकान मिटेपर्यंत डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावायचं काम केलं. संगणक चालवता येतो, उघडता येत नाही, अशातला मी. शब्द चुकले तर सांभाळून घ्या.

आमच्या वाड्यावरच्या उत्सवाला यंदा पन्नास वर्षं होतात. मंडळाला स्मरणिका काढायची आहे आणि त्यात जुन्या नाटकांची हॅण्डबिलं घालायची आहेत. २००१ ते २००९ ची सगळी हॅण्डबिलं मीच केली, पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्रॅममध्ये. नटसंच, पार्श्वसंगीत, देणगीदारांच्या याद्या, सगळं. कागदाच्या प्रती मंडळाच्या कपाटात होत्या, त्या वाळवीने वाचून संपवल्या. आता फक्त माझ्या जुन्या मशीनमध्ये आहेत, असल्या तर.

मशीन पेंटियम ४, ५१२ एमबी रॅम, विंडोज एक्सपी. हार्ड डिस्क वेस्टर्न डिजिटलची, ४० जीबी, ती रुंद पट्टीच्या केबलवाली, म्हणजे आयडीई. २०१२ साली दुकान बंद केलं तेव्हा जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकली. आपल्याकडचा माळा म्हणजे जून ते सप्टेंबर ओला पंचा. मागच्या रविवारी खाली उतरवली.

चालू झाली हे पहिलं आश्चर्य. ‘सीमॉस चेकसम एरर’ आलं, तारीख २००२ ची दाखवत होती. आतला नाण्यासारखा सेल (२०३२) बदलला, तेव्हापासून तारीख टिकते. पण हार्ड डिस्क काही दिसत नाही. प्रायमरी मास्टर: नन (म्हणजे काहीच नाही). प्रायमरी स्लेव्ह: नन. मग बूट डिस्क घाला म्हणते आणि बसून राहते. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, जाऊन सगळं ‘ऑटो’ केलं. केबल दोन्ही टोकांना काढून परत बसवली. मशीनच्या मुख्य बोर्डाच्या बाजूला तर हात जात नाही, अंदाजानेच दाबली.

डिस्कवर तळहात ठेवला तर बारीक थरथर लागते. टकटक नाही, किरकिर नाही. शेजारच्या मुलाने यूएसबीला जोडायचं साधन मागवून दिलं, त्याला वेगळा पॉवरचा अडाप्टरही आहे. लॅपटॉपवरही काहीच दिसलं नाही. शेवटी एका दुकानात नेली. त्यांनी दहा मिनिटांत निकाल दिला: डिस्कचा बोर्ड गेलाय, बाहेर पाठवावी लागेल, १८,००० रुपये, आणि काही मिळालं नाही तरी ३,००० द्यायचे.

मशीनमध्ये आता बाकी काही नाही. सीडी रायटर होता तो दुकान मिटवताना भाच्याला दिला. फ्लॉपी आहे, पण तिला कोण विचारतो.

दोन ठिकाणी दिसली नाही म्हणजे मेलीच का? मंडळाकडे १८,००० मागायला मला तोंड नाही. त्यातले निम्मे देणगीदार त्याच याद्यांत आहेत.

करंट_गेला (डिचोली)

काका, घट्ट पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि सकाळी लगेच लावा. माझ्या मावसभावाची अशीच चालली होती.

सुटा_स्क्रू (मडगाव)

फ्रीझर अजिबात नको. हा उपाय कधीकाळी अडकलेल्या डिस्कवर लोक करून बघायचे. काकांची फिरते आहे. शिवाय अशी डिस्क हवाबंद नसते. हवेचा दाब सारखा राहावा म्हणून तिला एक बारीक छिद्र असतं, आत गाळणी असते. थंडगार डिस्क आपल्या ऑगस्टच्या हवेत बाहेर काढली की तिला सोलकढीच्या ग्लासासारखा घाम फुटणार, तोही तबकड्यांवर. मासे ठेवा फ्रीझरमध्ये.

काका, तुमच्या लिहिण्यात एक ओळ तुम्ही सहज टाकून पुढे गेलात: सीडी रायटर भाच्याला दिला. मला सांगा, तो रायटर हार्ड डिस्कच्याच पट्टीवर होता का? म्हणजे एकाच केबलला मधे एक, टोकाला एक?

असेल तर १८,००० खिशात ठेवा. आयडीईच्या एका केबलवर दोन साधनं बसतात, एक मास्टर, दुसरं स्लेव्ह. कोण कोण आहे हे मागच्या बाजूला केबल आणि पॉवर यांच्यामधल्या छोट्या पिनांवर एक प्लास्टिकची टोपी असते, जम्पर, तो ठरवतो. बहुतेक कंपन्यांच्या डिस्कला ‘मास्टर’ लावलं की ती एकटी असो की जोडीने, चालते. वेस्टर्न डिजिटलच्या त्या काळच्या डिस्कवर मात्र ‘एकटी’ आणि ‘मास्टर, सोबत स्लेव्ह’ अशा दोन वेगळ्या जागा आहेत. वरच्या लेबलवर चित्र छापलेलं असतं.

तुमची डिस्क अजून ‘सोबत स्लेव्ह’वर असेल तर चालू झाल्या झाल्या ती रायटरच्या उत्तराची वाट बघत बसते. नियमाप्रमाणे ३१ सेकंदांपर्यंत बसू शकते. बायोस तेवढा थांबत नाही, ‘नन’ लिहून मोकळा होतो. यूएसबीच्या साधनावरही तेच झालं, कारण जम्पर डिस्कबरोबरच गेला ना. तुम्ही दोन ठिकाणी तपासलीत, पण तीच चूक दोन्हीकडे घेऊन गेलात. दुकानदारानेही तेच केलं असणार.

मशीन बंद करा, वायर भिंतीतून काढा, कॅबिनेटच्या लोखंडाला एकदा हात लावा आणि तो जम्पर पूर्ण काढून बघा. हरवू नका, स्पीकरच्या मागे सेलोटेपने चिकटवून ठेवा. आणि केबलचं टोकाचं काळं कनेक्टर डिस्कला लावा, मधलं राखाडी नको. मधलं लावून टोक लोंबकळत ठेवलं तरी कधी कधी असलेच खेळ होतात.

खिळेजुळारी

हो! त्याच पट्टीवर होता. रायटर मधे, ही टोकाला.

आधी एक कबुली. लेबलवर ‘मास्टर’ शब्द मी बावीस वर्षं बघतोय. मला वाटायचं, चांगली मूळ प्रत वगैरे. आमच्या धंद्यात मास्टर म्हणजे ऑफसेटवर चढवायचा कागद, त्यावरून हजार प्रती निघायच्या आणि तो फेकून द्यायचा.

जम्पर चिमट्याने काढला. चालू केली. दिसली! बायको स्वयंपाकघरातून धावत आली, मला काही झालं की काय म्हणून.

पण आनंद अर्धाच. नाव आलं ते चुकीचं आलं. डिस्कच्या लेबलवर इंग्रजीत डब्ल्यूडीसी, मग डब्ल्यूडी ४००बीबी, मग आडवी रेघ आणि ००डीईए० असं छापलंय. पडद्यावर पहिल्या शब्दात डब्ल्यूच्या जागी व्ही, सीच्या जागी बी. दुसऱ्या शब्दातही डब्ल्यूच्या जागी व्ही. आणि शेवटी ए च्या जागी चक्क ईमेलमधलं ॲटचं चिन्ह. बाकी सगळं बरोबर. तीनदा बंद-चालू केली, तिन्ही वेळा त्याच चार चुका.

प्रूफ वाचायची सवय हाडात आहे म्हणून दिसलं, नाहीतर मी ‘दिसली’ म्हणून पुढे गेलो असतो. कंपोझिटर चुकतो तेव्हा दर वेळी वेगळं चुकतो. तीच अक्षरं पुन्हा पुन्हा चुकायला लागली की समजायचं, केसमध्ये (खिळ्यांच्या पेटीत) खिळा चुकीच्या खणात पडलाय. इथे कुठला खण?

आणि विंडोज काही सुरू होईना, काळ्या पडद्यावर अडकलं. घाबरून बटण दाबून बंद केली.

मांडवीपार (पुणे, मूळ पणजी)

बंद केलीत ते उत्तम केलंत. ह्या अवस्थेत मशीनने डिस्कवर काही लिहिलं असतं तर ते चुकीचंच लिहिलं गेलं असतं. आता हे मशीन त्या डिस्कला लावून चालू करू नका, निदान प्रत निघेपर्यंत.

तुमचा खण सापडतोय बहुतेक. मला तर मजा आली, इतकं स्वच्छ लक्षण मी कामावरही बघितलेलं नाही.

संगणकाच्या लेखी प्रत्येक अक्षर हा आकडा. डब्ल्यू म्हणजे ८७, व्ही ८६. सी ६७, बी ६६. ए ६५, आणि ॲटचं चिन्ह ६४. बघा, दर वेळी फक्त एक कमी झालाय. विषम आकडा सम झाला. संगणक आकडा शून्य आणि एक अशा बिटांत लिहितो, त्यातला सगळ्यात शेवटचा बिट कायम शून्य वाचला जातोय. चार, शून्य, बी ही अक्षरं सुटली, कारण त्यांचे आकडे आधीच सम आहेत.

मग तुम्ही विचाराल, ई कशी सुटली? ती तर ६९, विषम. ती आणि आडवी रेघ (४५), दोघी सुटल्या. आता मोकळी जागा धरून अक्षरं मोजा. चुकलेली अक्षरं १, ३, ५ आणि १७ व्या जागी आहेत. रेघ १२ व्या, ई १६ व्या. आयडीईच्या केबलवर एका वेळी दोन अक्षरं जातात, सोळा तारांवरून. पहिलं अक्षर वरच्या आठ तारांवर, दुसरं खालच्या आठ. तुमची फक्त पहिली अक्षरं बिघडतात. म्हणजे सोळांपैकी एकच तार, आठ क्रमांकाची (मोजणी शून्यापासून), कायम शून्य वाचते.

ती तार कनेक्टरच्या ४ नंबरच्या पिनवर येते. आणि तिच्या शेजारचा २ नंबरचा पिन जमीन, म्हणजे अर्थ. ४ वाकून २ ला टेकला की तो कायम शून्य. माझा अंदाज, तुम्ही ‘अंदाजाने दाबली’ म्हणालात त्या बोर्डाच्या टोकाला हा पिन आडवा झालाय. डिस्कच्या बाजूला वाकला असता तर यूएसबीवरही बिघडेल, म्हणून ते तपासायला सोपं आहे.

डिस्क ‘आहेस का’ विचारणं खालच्या आठ तारांवर चालतं, म्हणून ती दिसते. नाव मात्र सोळाही तारांवरून येतं, आणि ते येताना काही पडताळणी नसते. नंतरच्या वेगवान वाचनात पडताळणी असते, पण चुका फार झाल्या की एक्सपी गुपचूप जुन्या संथ पद्धतीवर उतरतं, आणि त्या पद्धतीत पुन्हा पडताळणी नाही. म्हणून म्हटलं, चालू करू नका.

सुटा_स्क्रू (मडगाव)

ह्याला म्हणतात प्रूफरीडर. मी असतो तर केबल बदला, सांगून झोपलो असतो.

आता क्रम असा ठेवा. पिन दुरुस्त करायची घाई नको, आधी प्रत. डिस्क मशीनमधून काढा, यूएसबीच्या साधनाला लावा, जम्पर नाहीच. पॉवरचं चार पिनांचं पांढरं कनेक्टर घट्ट बसलंय ना बघा, ह्या डिस्कला फिरायला १२ व्होल्ट लागतात, ते यूएसबीतून येत नाहीत. डिस्क टेबलावर सपाट ठेवा, खाली वर्तमानपत्र चालेल, लोखंड नको, आणि फिरत असताना हलवू नका.

लॅपटॉप विंडोजने नाही, पेनड्राइव्हवरच्या उबुंटूने (विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली) चालू करा. तो पोरगा करेल. त्यातल्या ‘डिस्क्स’ प्रोग्रॅममध्ये डिस्कचं नाव बघा. नीट आलं तर डिस्क निर्दोष, मांडवीपार म्हणतात तेच खरं. मग फाइली एकेक कॉपी करत बसू नका. डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रॅमने अख्ख्या डिस्कची एका फाइलीत प्रतिमा काढा, सोबत मॅपफाइल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) द्या. तो आधी सोपं सोपं वाचून घेतो, अडलेले भाग शेवटी. मधेच लाईट गेली तरी मॅपफाइलमुळे जिथे थांबला तिथून पुढे जातो. कुठली डिस्क मूळ आणि कुठे लिहायचं हे पोराकडून दोनदा वाचून घ्या. उलटं झालं तर मग १८,००० वालाही काही करू शकणार नाही.

करंट_गेला (डिचोली)

फ्रीझरबद्दल माफी. मावसभावाला विचारलं, त्याचीही नंतर चालली नाही म्हणतो.

खिळेजुळारी

उशिरा लिहितोय. शुक्रवारी बाजाराच्या गर्दीत कुठे काही होत नाही, काल बसलो.

पोराने उबुंटू चालू केलं. नाव बघायला मीच पुढे झालो. डब्ल्यू, डी, सी. शेवटी ए. एकही चूक नाही. मांडवीपार, तुम्ही पुण्यात बसून म्हापशातला पिन ओळखलात.

४० जीबीची प्रत निघायला पाऊण तास लागला. शेवटी तीन ठिकाणी अडला, बराच वेळ घुटमळला, आणि १२ केबी सोडून बाकी सगळं आलं. ते १२ केबी कुठल्या फाइलीचे हे पोर शोधतोय. मी म्हटलं जाऊ दे, तर त्याला आता चैन पडत नाही.

मग टॉर्च घेऊन मशीनचा बोर्ड बघितला. निळं कनेक्टर सरळ ओढून काढलं. लाल रेघेच्या बाजूने, दुसऱ्या ओळीतला दुसरा पिन, शेजाऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्यासारखा. अंदाजाने दाबण्याचा प्रताप माझाच. खिळे उचलायचा माझा जुना चिमटा घेतला. एकदम उभा केला तर मुळाशी तुटेल, म्हणून थोडा उचलला, थांबलो, परत थोडा. चार वेळात सरळ झाला. हात अजून थरथरत नाही, हे त्यानिमित्ताने कळलं. केबल बसवली, चालू केली, नाव बरोबर. चारही चुका गेल्या.

हा उद्योग का केला, प्रत तर मिळाली होती? कारण लॅपटॉपवर पेजमेकरच्या फाइली उघडेनात, आणि शेजारी ज्या वर्डच्या याद्या होत्या त्या उघडल्या तर सगळा इंग्रजी अक्षरांचा पाचोळा. ते सगळं श्रीलिपी या जुन्या मराठी फाँटात केलेलं, सगळीकडे चालणाऱ्या आजच्या युनिकोडच्या आधीचं. तो फाँट नसेल तर मराठी दिसतच नाही. जुन्या मशीनमध्ये फाँट, पेजमेकर, सगळं जागच्या जागी आहे. तिथे उघडलं आणि २००३ च्या नाटकाचं हॅण्डबिल जसंच्या तसं समोर. ‘रात्री ठीक १० वाजता’ असं ठसठशीत. कधीही साडेअकराच्या आधी पडदा वर गेला नव्हता.

आता शेवटचं विचारतो. हे पुढे स्मरणिकावाल्याला कसं द्यायचं? त्याच्याकडे पेजमेकर नाही.

आणि तुम्हा सगळ्यांचं देव बरें करूं.

मांडवीपार (पुणे, मूळ पणजी)

जुन्या मशीनवरच पेजमेकरमधून पोस्टस्क्रिप्ट (छपाईची एक भाषा) प्रिंटर निवडून ‘फाइलीत छापा’ करा, फाँट आत घालायला सांगा. ती फाइल पेनड्राइव्हवर लॅपटॉपला आणली की उबुंटूवरचा घोस्टस्क्रिप्ट हा प्रोग्रॅम तिची पीडीएफ करून देईल. दिसायला अगदी मूळ राहील. मजकूर शोधता येणार नाही, अक्षरं आतून तोच पाचोळा असतील, पण छापायला पुरेसं आहे. एक्सपी मशीनला इंटरनेट मात्र जोडू नका.

नारळफोड (फोंडा)

हा धागा वाचून मीही माळ्यावरची डिस्क काढली. वेगळ्या कंपनीची, ८० जीबी. जम्पर काढला, ठेवला, फिरवला, सगळं केलं. दिसत नाही. चालू केली की टक, टक, टक, मग फिरणं बंद. परत टक टक. आत भावाच्या लग्नाचे फोटो आहेत. किती वेळ चालू ठेवून बघू?

सुटा_स्क्रू (मडगाव)

अजिबात ठेवू नका, आत्ता वायर काढा. ते टकटक म्हणजे वाचणारं डोकं आपली जागा शोधतंय आणि सापडत नाही. जम्पर-केबलचं हे काम नाही. दर वेळी चालू कराल तेव्हा तबकडी खरवडली जाण्याची भीती. एकदाच, वेगळ्या चांगल्या पॉवर सप्लायवर लावून बघायला हरकत नाही, कारण १२ व्होल्ट कमी पडले तरी कधी कधी असा आवाज येतो. तरी टकटक राहिली तर ती धूळ नसलेली खास ‘स्वच्छ खोली’ असलेल्या ठिकाणीच उघडली गेली पाहिजे, घरी स्क्रू फिरवू नका. खर्च येईल, आधी लेखी विचारून घ्या.

लग्नाचे फोटो आणखी कुणाकडे आहेत का, ते मात्र आजच विचारा. फोटोग्राफर, सासरची मंडळी, कुणीतरी सीडी ठेवलेली असते.

नारळफोड (फोंडा)

वायर काढली. वहिनीच्या माहेरी सीडी आहे म्हणतात, पण सीडी वाचायचं साधन कुणाकडे नाही.

खिळेजुळारी

माझ्या भाच्याकडे आहे. पर्वरीला राहतो. फक्त त्याचा जम्पर ‘स्लेव्ह’वर असेल, बघून लावा.